मोकळ्या जगातील रिकाम्या स्क्रीन: काय भरावे आणि काय काढावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघे मिळून तुम्ही एक द्विमितीय प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत कठड्यांवरून पुढे जाण्याचा गेम, बनवत आहात. डोंगर, गुहा आणि एक पडके शहर असे सलग जग आहे, तीनशेहून अधिक स्क्रीन (एका वेळी दिसणारे जगाचे तुकडे) तयार आहेत आणि खेळणारा कोणत्याही दिशेने, कोणत्याही क्रमाने जाऊ शकतो. ज्यांना बिल्ड, म्हणजे गेमची आतापर्यंत तयार झालेली आवृत्ती, खेळायला दिली त्यांच्यापैकी बहुतेकांनी जग सुंदर असल्याचे सांगितले, पण ते रिकामे वाटते अशी तक्रारही केली. तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की प्रत्येक स्क्रीनवर निदान एक नाणे, एक शत्रू किंवा एक बोलणारे पात्र ठेवावे. तुम्हाला ते पटत नाही, पण न पटण्याचे कारण नेमके सांगता येत नाही. तुम्ही पाठवलेली बिल्ड मी पूर्ण खेळले, पूर्वेकडील गुहा आणि शहर दोनदा पाहिले, आणि त्यानंतर हे उत्तर लिहीत आहे.

खेळणाऱ्यांची तक्रार खरी आहे, ती मनावर घ्या. सहकाऱ्याने सुचवलेला उपाय मात्र करू नका. लेव्हल डिझाइनच्या, म्हणजे गेममधील जागा आणि वाटा रचण्याच्या, कामात मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की, स्क्रीनवर काही नाही एवढ्याने कोणी कंटाळत नाही. गेमने आधी काहीतरी देऊ केलेले असते, खेळणारा त्या भरवशावर वेळ आणि कौशल्य खर्च करतो, आणि शेवटी हाती काही लागत नाही, तेव्हा त्याला जग रिकामे वाटू लागते. एकदा ती भावना बसली की पुढच्या स्क्रीनही तो त्याच नजरेने पाहतो. म्हणून वस्तू वाढवण्याआधी, आपला गेम कोठे कोठे काय काय कबूल करून बसला आहे हे तपासावे लागते.

या विषयावर बोलताना मी नेहमी ‘क्निट’ या गेमपासून सुरुवात करते. स्वीडनचे निकलास न्यूग्रेन, जे निफ्लास या नावाने अधिक ओळखले जातात, त्यांनी तो २००६ साली मोफत उपलब्ध करून दिला. कथा दोन ओळींची आहे: एका इवल्याशा प्राण्याला परग्रहवासी उचलून नेतो, यान एका अनोळखी ग्रहावर कोसळते आणि त्याचे विखुरलेले भाग गोळा करायचे असतात. पात्र चालते, उडी मारते आणि भिंतीला धरून वर चढते. त्याच्याजवळ शस्त्र नाही, वाटेत नवी ताकद मिळत नाही, गुणांची मोजणी नाही. जगातील बहुसंख्य स्क्रीनवर उचलण्यासारखे काहीही ठेवलेले नाही. काही प्राणी जिवावर उठतात, पण बरेचसे आपापल्या जागी असतात, तुमच्याकडे लक्षही देत नाहीत आणि तुमच्याशी काही बोलत नाहीत. सहकाऱ्याच्या निकषाने पाहिले तर हा गेम जवळजवळ पूर्ण रिकामा ठरेल. तरीही तो खेळणाऱ्यांच्या स्मरणात राहिला तो त्यातल्या भटकंतीमुळेच, आणि छोट्या संघांनी बनवलेल्या शोधप्रधान गेमबद्दल बोलताना त्याचे नाव अजूनही निघते.

असे का होते याचे एक उत्तर एका साध्या सोयीत आहे. ‘क्निट’मध्ये एक कळ दाबली की पात्राभोवती प्रकाश पसरतो आणि यानाचा सर्वांत जवळचा भाग कोणत्या दिशेला आहे हे दिसते. फक्त दिशा कळते. अंतर कळत नाही, मधली वाट कळत नाही, वाटेत दरी आहे की पाणी हेही कळत नाही. या एका गोष्टीमुळे मधल्या सगळ्या स्क्रीनवरचे ओझे उतरते. वस्तू कोठे आहे याचा अंदाज असल्यामुळे खेळणारा प्रत्येक कोपरा संशयाने चाचपत बसत नाही. वाटेतली स्क्रीन त्याच्यासाठी वाटच राहते, आणि वाटेकडून तो चालण्यापलीकडे काही मागत नाही. मग त्याचे लक्ष आपोआप रंगांकडे, आवाजांकडे आणि त्या मुक्या रहिवाशांकडे जाते. ज्याला दिशाही नको असेल त्याने ती कळ दाबू नये.

दुसरे उत्तर स्क्रीनच्या रचनेत आहे. ‘क्निट’नंतर २००७ साली आलेल्या ‘क्निट स्टोरीज’सोबत न्यूग्रेन यांनी एडिटरही, म्हणजे आपली स्वतःची जगे रचण्याचे साधनही, दिला. लेव्हल डिझाइन शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा उघडून पाहावा असे मला मनापासून वाटते. त्यातील स्क्रीन ज्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी बनते त्यांना टाइल म्हणतात; ती २५ टाइल रुंद आणि १० टाइल उंच असते, टाइल २४ पिक्सेलची असते, म्हणजे पूर्ण चित्र ६०० बाय २४० पिक्सेलचे होते. ही चौकट बरीच बसकी आहे आणि तिचा एक थेट परिणाम होतो: आडवे चालताना २५ टाइलनंतर नवे चित्र समोर येते, पण भिंत चढताना दर १० टाइलला येते. चढाई हे या मालिकेतील पात्राचे खास बळ असल्यामुळे, जेथे खेळणारा सर्वांत अधिक मेहनत करतो तेथेच दृश्य सर्वांत वेगाने बदलते. तुमच्या गेममध्ये नेमके उलट झाले आहे. डोंगर चढताना एकाच उंच स्क्रीनवर खेळणारा बराच वेळ असतो आणि सपाट बोगद्यात मात्र चित्रामागून चित्र बदलते, पण त्या चित्रांत फरक काहीच नसतो.

त्याच एडिटरमध्ये प्रत्येक स्क्रीनला टाइलचे चार आणि वस्तूंचे चार थर मिळतात. टाइलच्या चार थरांपैकी एकच टणक असतो, म्हणजे पात्र ज्यावर उभे राहते आणि ज्याला धडकते तो. उरलेले तीन केवळ पाहण्यासाठी आहेत. निर्मात्याने साधन बनवतानाच तीन वाटे डोळ्यांसाठी आणि एक वाटा पायांसाठी राखून ठेवला, याला मी फार महत्त्व देते. शिवाय प्रत्येक स्क्रीनसाठी संगीत वेगळे आणि सभोवतालचे ध्वनी वेगळे नेमता येतात, आणि ध्वनींनाही दोन स्वतंत्र जागा आहेत. त्यामुळे एकीकडे वारा कायम ठेवून दुसरीकडे पाण्याचा आवाज स्क्रीनगणिक बदलता येतो. खेळणारा झऱ्याजवळ पोहोचण्याच्या आधीच्या स्क्रीनवर त्याला झरा ऐकू येतो. ही स्क्रीन रिकामी आहे असे त्याला वाटणार नाही, कारण तिने त्याला पुढचे काहीतरी कळवले आहे, आणि पुढे गेल्यावर ते खरे निघते.

तुमच्या बिल्डमधील पूर्वेकडील गुहा आता या नजरेने पाहू. पात्र सेकंदाला साधारण ६ टाइल चालते आणि स्क्रीन ४० टाइल रुंद आहे, म्हणजे एक स्क्रीन ओलांडायला सात सेकंदांच्या जवळपास लागतात. फाटा फुटल्यापासून गुहेच्या टोकापर्यंत नऊ स्क्रीन आहेत. जाताना एक मिनिट लागते आणि त्याच वाटेने परत यायला दुसरे. टोकाला दगडात कोरलेला एक कोनाडा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना मशाली पेटलेल्या आहेत, आणि कोनाड्यात काहीही नाही. सहकारी म्हणेल की तेथे नाणे ठेवावे. मी म्हणेन की आधी मशाली विझवा. गेम खेळणाऱ्या कोणत्याही माणसाला दोन मशालींमधली जागा काहीतरी ठेवण्याची किंवा मिळण्याची जागा म्हणूनच माहीत असते, आणि तुम्ही ती खूण एक मिनिटाच्या वाटेच्या टोकाला लावून ठेवली आहे. त्यानंतरच्या परतीच्या मिनिटात खेळणारा तुमच्या जगाबद्दल जे मत बनवतो, तेच त्याने अभिप्रायात लिहिले आहे. कोनाडा तुम्हाला आवडत असेल तर तो राहू द्या, अंधारात राहू द्या, आणि शेजारीच एक उभी विहीर खोदा, जिच्यातून पडले की पात्र थेट फाट्यावर येईल. परतीचे मिनिट तीन सेकंदांवर आले की तीच गुहा तीच स्क्रीन असूनही वेगळी भासेल. ‘क्निट’मध्ये उंचावरून पडल्याने इजा होत नाही, त्यामुळे चढायला जितका वेळ लागतो त्याच्या अगदी थोड्या भागात खाली येता येते आणि चुकलेल्या वाटेची किंमत आपोआप कमी राहते. तुम्ही उंचावरून पडल्यावर जीव जाण्याचा नियम ठेवला आहे. शोध हा गेमचा गाभा असेल तर तो नियम काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मशालींसारखी आणखी काही आश्वासने आपण नकळत देत असतो. त्यांतले प्लॅटफॉर्म गेमपुरते सर्वांत मोठे म्हणजे अवघड उडी. डोंगराच्या उत्तर बाजूला तुम्ही चार छोटे कठडे असे ठेवले आहेत की ते पार करायला दुहेरी उडी अगदी शेवटच्या क्षणी मारावी लागते. मला ते जमायला बरेच प्रयत्न लागले. वरच्या कठड्यावर गवत आहे. ज्या खेळणाऱ्याने तेथे पोहोचण्यासाठी कौशल्य पणाला लावले, त्याला गवत पाहून काय वाटेल याचा विचार करा. सोपी वाट आणि वर गवत, हे चालते, ते आनंदाचेही होऊ शकते. अवघड वाट आणि वर वस्तू, हेही चालते. अवघड वाट आणि वर गवत, ही जोडी फक्त एका अटीवर चालते: त्या उंचीवरून असे काही दिसले पाहिजे जे दुसरीकडून दिसत नाही. द्विमितीय गेममध्ये हे दृश्य तुम्हाला पार्श्वभूमीत मुद्दाम रंगवावे लागेल. पडक्या शहराचे घंटाघर तुमच्याकडे आहेच. ते त्या कठड्याच्या मागे क्षितिजावर छोटेसे दिसू द्या, आणि त्याच्या बाजूला एखादा दिवा किंवा तसेच काहीतरी ओळखीचे ठेवा. शहरात अजून न गेलेल्याला ते पुढे जाण्याचे निमित्त देईल आणि शहर पाहून आलेल्याला आपण किती लांब आलो याचे माप देईल. ‘अ शॉर्ट हाइक’ या २०१९ च्या गेममध्ये अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांनी शिखराचा असाच उपयोग केला आहे. एक छोटा पक्षी डोंगराच्या माथ्यावर निघालेला असतो, सोनेरी पिसे मिळतील तसे अधिक चढता येते, आणि वरून पंख पसरून तरंगत खाली येण्यात इतका आनंद आहे की उतार कोणालाच परतीचा भुर्दंड वाटत नाही. तेथे मोकळ्या उताराला कोणी रिकामा म्हणत नाही, कारण तो उडण्यासाठी हवा असतो.

टेरी कॅव्हना यांच्या २०१० सालच्या, केवळ सहा व्ही अक्षरांचे नाव असलेल्या गेममध्ये अवघड वाटेचे आश्वासन किती काटेकोरपणे पाळता येते हे पाहण्यासारखे आहे. त्यातला कप्तान उडी मारू शकत नाही, फक्त गुरुत्वाची दिशा उलटवू शकतो. एके ठिकाणी चकाकती वस्तू अगदी समोर दिसते, मध्ये फक्त एक छोटा ठोकळा आहे; पण उडी नसल्यामुळे तो ओलांडता येत नाही आणि काट्यांनी भरलेल्या स्क्रीनमागून स्क्रीन वर पडत जाऊन पुन्हा तेवढ्याच स्क्रीन खाली यावे लागते. बक्षीस पहिल्यापासून डोळ्यांसमोर असते, ते घेणे ऐच्छिक असते, आणि मेल्यावर क्षणात पुन्हा प्रयत्न करता येतो. म्हणून तो प्रचंड त्रासही लोक हौसेने सोसतात. याच गेममध्ये विभागांच्या मधला बाहेरचा अवकाश बराच विरळ आहे, पण ठिकठिकाणी टेलिपोर्टर, म्हणजे एका जागेहून दुसरीकडे क्षणात पोहोचवणारी यंत्रे, असल्यामुळे तो दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही, आणि नवलाईने पाहिलेली जागा कंटाळ्याची होण्याआधीच मागे पडते.

आता तुमच्या मॅपच्या कोपऱ्यातील, किती पूर्ण झाले हे दाखवणाऱ्या टक्केवारीबद्दल. मला विचाराल तर संपूर्ण बिल्डमध्ये सर्वांत अधिक नुकसान तिने केले आहे. मी गुहेतून बाहेर आले तेव्हा तेथे ४१ टक्के दिसत होते, आणि गुहा पाहूनही तो आकडा हलला नाही. म्हणजे गेमने मला सांगितले की तू घालवलेली दोन मिनिटे जमेस धरलेली नाहीत. टक्केवारी दिसू लागली की जगातली प्रत्येक स्क्रीन दोन गटांत पडते, आकडा वाढवणारी आणि न वाढवणारी, आणि दुसऱ्या गटातल्या स्क्रीन कितीही देखण्या असल्या तरी त्यांना वायफळ ठरवण्याचे काम आपण स्वतःच करून ठेवतो. ‘फेझ’ या २०१२ च्या गेममध्ये मॅपवर कोणत्या खोलीत काय उरले आहे याच्या खुणा दिसतात आणि सगळे मिळवले की खोली सोनेरी होते. तेथे ते शोभते, कारण तो गेम मुळात कोड्यांचा आहे आणि त्यातील अवघड कोडी सुटता सुटत नाहीत, तेव्हा निदान कोठे शोधावे एवढा आधार लागतो. भटकंतीच्या गेमला तसा आधार लावला की भटकंतीची झडती होते.

न्यूग्रेन यांच्याच नंतरच्या कामात हा फरक मला जाणवतो. २०१२ च्या अखेरीस आलेल्या ‘क्निट अंडरग्राउंड’मध्ये अठराशेच्या आसपास खोल्या आहेत, घंटा वाजवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि वाटेत भेटणाऱ्यांची कामे आहेत, ज्यांसाठी वस्तू शोधून आणाव्या लागतात. हालचाल पहिल्या गेमपेक्षा कितीतरी समृद्ध आहे. पात्र चेंडूचे रूप घेऊन उसळू शकते आणि त्या दोन रूपांच्या मेळातून फार सुंदर आव्हाने उभी राहतात. काळ्या छायाकृती आणि मागे छायाचित्रासारखी धूसर पार्श्वभूमी, अशी दृश्येही विलक्षण आहेत. तरीही त्यातल्या मोकळ्या खोल्यांतून जाताना, विशेषतः एखादी मागितलेली वस्तू शोधताना, माझा जीव ‘क्निट’इतका रमत नाही. वस्तू कोणीतरी मागितलेली असल्यामुळे ती नसलेल्या प्रत्येक खोलीत एक नकार मिळतो, आणि इतक्या खोल्यांत तो बऱ्याचदा मिळतो. तो गेम मला प्रिय आहे आणि हे मी त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. पण एकाच निर्मात्याच्या हातून, जवळजवळ सारख्याच शांत खोल्यांचा अनुभव केवळ उद्दिष्टाच्या मांडणीमुळे किती बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मॅपच काढून टाकावा का, असे तुम्ही विचाराल. तीनशे स्क्रीनच्या जगात मी तसे करणार नाही. पण मॅप केव्हा मिळतो आणि किती सांगतो यावर बरेच अवलंबून आहे. ‘हॉलो नाइट’ हा ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या छोट्या संघाचा २०१७ चा गेम या बाबतीत बारकाईने अभ्यासावा. नव्या प्रदेशात शिरताना तुमच्याकडे त्याचा नकाशा नसतो. कोठेतरी कॉर्निफर नावाचा नकाशाकार बसलेला असतो. जवळ आलात की जमिनीवर कागदाचे तुकडे दिसू लागतात आणि त्याचे गुणगुणणे ऐकू येते. तो जो नकाशा विकतो तोही अपुरा असतो. उरलेला भाग भरायला लेखणी विकत घ्यावी लागते, आणि भरलेला भागही बाकावर विसावल्यावरच नकाशावर उमटतो. आपण कोठे उभे आहोत हे पाहायचे असेल तर होकायंत्राचा ताईत धारण करावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या एखाद्या उपयोगी ताईताची जागा सोडावी लागते. या सगळ्याचा परिणाम असा की नकाशा मिळण्याआधीची प्रत्येक मोकळी खोली खेळणाऱ्याच्या डोक्यात नोंदली जाते. डावीकडे खांब तुटलेला, वर वाट बंद, खाली पाणी, असे तो स्वतःशी जुळवत जातो. वस्तू नसली तरी खोलीला काम असते, कारण ती पुढच्या खोलीकडे जाण्याची खूण असते. तुमच्या गुहेतल्या नऊ स्क्रीन मला आज एकमेकींपासून वेगळ्या सांगता येत नाहीत. प्रत्येकीला एक ओळखण्याजोगे वैशिष्ट्य द्या, दगडाचा आकार, छताची उंची, मुळे, उजेडाचा एखादा कवडसा. त्याचा खर्च टाइलच्या थरांपुरताच आहे आणि नाण्याने जे होणार नाही ते त्याने होईल.

शत्रू वाढवण्याचा मुद्दा राहतो. मोकळ्या जागेत धोका असला की ती जिवंत वाटते हे खरे आहे, पण जागच्या जागी इकडून तिकडे फिरणाऱ्या शत्रूने ते साधत नाही. पहिल्यांदा तो अडथळा असतो, दुसऱ्यांदा सवय आणि तिसऱ्यांदा जकात. ‘रेन वर्ल्ड’ या २०१७ च्याच गेममध्ये प्राणी तुम्ही पाहत नसतानाही जगात वावरत असतात. ते खातात, पळतात, एकमेकांची शिकार करतात. तुम्ही एक लहानसा, भक्ष्य होणारा प्राणी आहात, पोट भरून प्राणघातक पाऊस येण्याआधी निवाऱ्यात पोहोचायचे आहे, आणि काल शांत असलेल्या खोलीत आज पाल दबा धरून असू शकते. त्यामुळे तेथील रिकामी खोली ही दिलासा देणारी गोष्ट होते. खेळणारा थांबतो, कानोसा घेतो, आणि काही नाही याची खात्री झाल्यावर पुढे सरकतो. हे मला अतिशय आवडते, पण दोघांच्या संघाने त्याची नक्कल करू नये असेच मी सांगेन. ती अख्खी व्यवस्था त्या गेमचा पाया आहे आणि तुमच्याकडे तयार असलेल्या तीनशे स्क्रीनवर ती नंतर चढवता येणार नाही. तुम्हाला परवडेल असा भाग एवढाच आहे की, दोन-तीन निरुपद्रवी प्राणी असे ठेवा जे एकाच स्क्रीनला बांधलेले नाहीत. संध्याकाळी डोंगरावर दिसलेले पाखरू नंतर शहरातल्या छपरावर दिसले, तर ते कोणतेही बक्षीस न देताही जगाला वस्तीपण देईल.

संगीताबद्दल एकच सूचना. तुमची धून सुंदर आहे आणि ती सतत वाजते. ती कमी जागी वाजू द्या. मोठा भाग वारा, पाणी आणि पावलांवर सोडा, आणि एखाद्या ठिकाणी पोहोचल्यावर धून सुरू होऊन आपली आपण संपू द्या. धून सुरू होणे हीच मग पोहोचल्याची पावती होते, आणि तेथे वेगळे काही ठेवण्याची गरज बऱ्याचदा उरत नाही.

हालचालीकडे मी शेवटी येते आहे, पण कामाच्या क्रमात ती पहिली घ्या. मोकळ्या स्क्रीनवर खेळणाऱ्याजवळ चालणे आणि उडी मारणे याखेरीज काही नसते, म्हणून त्या दोन गोष्टी नुसत्या करून पाहाव्याशा वाटल्या पाहिजेत. तुमचे पात्र थांबल्यावर थोडे घसरते, कड्यावरून पाऊल सुटताच उडी नाकारते, आणि जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी दाबलेली कळ विसरते. सेकंदाला साठ फ्रेम (चित्रे) दाखवणाऱ्या गेममध्ये कडा सुटल्यानंतर पाच-सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य करणे आणि टेकण्याआधी तितक्याच फ्रेम दाबलेली कळ लक्षात ठेवणे, एवढ्या दोन बदलांनी खेळणाऱ्याचा हात आणि पात्र यांच्यातला तुटकपणा बराच जाईल. लांब सपाट बोगद्यांत धावण्याची सोय द्या, किंवा त्याहून चांगले म्हणजे बोगद्यांची लांबीच कमी करा. माझ्या अंदाजाने गुहेच्या नऊ स्क्रीनपैकी चार काढल्या तरी कोणाला त्यांची आठवण येणार नाही. मेहनतीने बनवलेल्या स्क्रीन काढणे जिवावर येते हे मी जाणते. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्यांतले उत्तम तपशील उरलेल्या पाचांत वापरा. जग मोठे असल्याचा भास अंतराने जितका होतो, त्याहून अधिक वाटा एकमेकींना अनपेक्षित जागी मिळाल्याने होतो. डोंगरातल्या एका भेगेतून उतरल्यावर खेळणारा शहराच्या मागच्या अंगणात निघाला, तर त्याच्या मनातले जग त्या क्षणी वाढते.

तपासणी अशी करा. आधी टक्केवारी काढा आणि आश्वासन देणाऱ्या सगळ्या खुणांची यादी करा: मशाली, कमानी, वेगळ्या रंगाच्या टाइल, एकुलता एक फुटका दिसणारा दगड, अवघड उड्या, बंद दारे. प्रत्येकीपुढे लिहा की ती काय कबूल करते आणि ते मिळते का. जेथे मिळत नाही तेथे बहुतेक वेळा खूण काढणे हाच स्वस्त आणि चांगला उपाय असतो; वस्तू ठेवायचीच असेल तर जेथे खूण काढल्याने जागेचे सौंदर्य जाईल तेवढ्याच ठिकाणी ठेवा. त्यानंतर खेळणाऱ्यांना बसवा, काही विचारू नका, मध्ये बोलू नका, आणि त्यांनी कळ सोडून पात्र कोठे कोठे आपण होऊन थांबवले ते टिपून घ्या. शेवटी कोरा कागद देऊन आठवेल तसा नकाशा काढायला सांगा. ज्या जागा कागदावर येतात त्या रिकाम्या नाहीत, मग त्यांत काही असो वा नसो. ज्या जागा येत नाहीत आणि जेथे कोणी थांबलेही नाही, तेथे आधी लांबी पाहा, मग वैशिष्ट्य पाहा, आणि त्यानंतरच वस्तूचा विचार करा.

पडक्या शहराला मात्र सध्या हात लावू नका. घंटाघराच्या मागची स्क्रीन, जेथे नुसता चौथरा आहे आणि दोरी वाऱ्याने हलते, तेथे मी दोन्ही वेळा थांबले. दोरी ओढता येत नाही, पण ती हाताच्या उंचीवर नसल्यामुळे ओढता येईल असे वाटतही नाही. म्हणून तेथे काही हुकल्यासारखे वाटले नाही. सहकाऱ्याला पटवायचे असेल तर ती स्क्रीन आणि मशालींचा कोनाडा शेजारी शेजारी ठेवून दाखवा. दोन्हींत काहीच नाही, आणि तक्रार एकीचीच येते. पुढच्या फेरीसाठी माणसेही नवी घ्या, कारण जुन्यांना कोठे काय नाही हे पाठ झालेले आहे. आणि त्यांत निदान दोघेतिघे असे असू द्या ज्यांनी प्लॅटफॉर्म गेम फारसे खेळलेले नाहीत, म्हणजे तुमच्या कोणत्या खुणा केवळ सरावलेल्या डोळ्यांनाच आश्वासन वाटतात हेही वेगळे काढता येईल.